आधी मिक्सर, मग आलेख: शिरोलीतील फौंड्रीसाठी घेतलेल्या एका ऑटोमेशन सेवेचे परीक्षण

शिरोली औद्योगिक वसाहतीतील आमच्या मध्यम आकाराच्या फौंड्रीत सँड प्लँटचा, म्हणजे साच्यांची वाळू मिसळून तयार करणाऱ्या विभागाचा, जुना पीएलसी (यंत्रे ठरल्या क्रमाने चालवणारा औद्योगिक नियंत्रक) काढून नवी नियंत्रण-व्यवस्था बसवण्यात आली, आणि तिच्याबरोबरच वाळूच्या प्रत्येक बॅचची व भट्टीच्या प्रत्येक हीटची (एका वेळी वितळवलेल्या धातूची) नोंद ठेवून तिचे विश्लेषण करणारी सोयही घेण्यात आली. काम कोल्हापुरातल्याच एका ऑटोमेशन कंत्राटदाराने केले. त्याचे नाव येथे देत नाही, कारण त्याच्याविषयी जसे चांगले लिहायचे आहे तसे तक्रारीचेही आहे, आणि ज्या प्रश्नाभोवती ही खरेदी फिरली तो काही त्याच्या एकट्यापुरता नाही. जी पेटी मिक्सरचा पाण्याचा व्हॉल्व्ह वेळेवर बंद करते, तिच्यावरच आलेख, अहवाल आणि अंदाज यांचे ओझे टाकावे का, आणि टाकलेच तर नियंत्रण ढळणार नाही याची खात्री गिऱ्हाइकाने कशी करून घ्यावी, हा तो प्रश्न. देखभाल विभागाच्या बाजूने या सेवेचे जे मोजमाप झाले ते पुढे मांडले आहे.

नोंदी हव्या होत्या याबद्दल कोणाचे दुमत नव्हते. ट्रॅक्टर आणि पंप बनवणारे ग्राहक आता प्रत्येक कास्टिंगचा माग मागतात. ब्लो होलमुळे (वायूने पडलेल्या पोकळीमुळे) एखादा नग परत आला तर तो कोणत्या हीटचा, त्या वेळी वाळूचा ओलावा किती होता आणि परत आलेली वाळू किती गरम होती, हे सांगता यावे लागते. अडचण होती ती या नोंदी गोळा करण्याच्या जुन्या पद्धतीत. पूर्वीचा पीएलसी साधा आणि भरवशाचा होता, परंतु ऑफिसातला संगणक त्याच्याकडे सतत शेकडो आकडे मागत असे. पुढे गुणवत्ता विभागाचा आणखी एक संगणक जोडला गेला, मग वीजमापकांचे वाचनही त्याच पीएलसीकडे सोपवले गेले, आणि प्रत्येक वेळी ‘एवढ्याने काय होणार’ असे म्हणून जोडणी झाली. शेवटी महिनाअखेरीचे अहवाल काढले जात असताना पीएलसी थांबला. सेन्सर, व्हॉल्व्ह, वायरिंग सारे ठीक होते. फक्त प्रोग्रामचे एक चक्र ठरलेल्या वेळेत पुरे झाले नव्हते.

पीएलसी इनपुट वाचतो, प्रोग्राम चालवतो, आउटपुट लिहितो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. या चक्राला किती वेळ लागला यावर आत बसवलेला वॉचडॉग लक्ष ठेवतो. उदाहरणादाखल सीमेन्सच्या एस७-१५०० मालिकेत ही कमाल मर्यादा मुळात १५० मिलिसेकंद ठेवलेली असते, आणि ती ओलांडली गेल्यास काय करायचे याची तजवीज प्रोग्राममध्ये नसेल तर सीपीयू स्टॉपमध्ये जातो. त्याच मालिकेत बाहेरच्या संगणकांशी बोलण्यासाठी प्रोसेसरचा ५० टक्क्यांपर्यंत वेळ खर्च करण्याची मुभा मुळातच दिलेली असते. धाकट्या एस७-१२०० मध्ये हा वाटा २० टक्के असतो. ५० टक्के वेळ संवादात गेला तर प्रोग्रामचे चक्र जवळपास दुप्पट लांबते, हे साधे गणित आहे. ही मांडणी सदोष मुळीच नाही, आणि तो वाटा कमीही करता येतो. मात्र पॅनल बनवणाऱ्यांपैकी फार थोडे जण सेटिंगमधल्या त्या रकान्याकडे पाहतात आणि गिऱ्हाईक तर कधीच पाहत नाही, असा आमच्या परिसरातला अनुभव आहे.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे नोंदवली पाहिजे, कारण विक्रेते मिलिसेकंदांची भीती वाजवीपेक्षा अधिक घालतात. आमच्या मिक्सरची बॅच ६०० किलोची आहे असे धरू आणि पाणी सेकंदाला १ लिटर या वेगाने पडते असे मानू. व्हॉल्व्ह बंद करण्याची आज्ञा १०० मिलिसेकंद उशिरा गेली तर जास्तीचे पाणी १०० ग्रॅम, म्हणजे बॅचच्या ०.०२ टक्क्यांहूनही कमी. हिरव्या वाळूत, म्हणजे माती व पाणी मिसळलेल्या साच्याच्या वाळूत, ओलावा ३ ते ४ टक्क्यांच्या आसपास राखायचा असतो. लोडसेलच्या (वजन मोजणाऱ्या सेन्सरच्या) हेलकाव्यानेच याहून अधिक फरक पडतो. तेव्हा थोडी दिरंगाई वाळूला चालते. चालत नाही ते पीएलसीचे थांबणे. सँड प्लँट थांबला की मोल्डिंग मशीनवरचा हॉपर काही मिनिटांत रिकामा होतो, साचे तयार होणे बंद पडते, आणि नेमका त्याच वेळी एसजी आयर्नचा (ज्यात ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असते त्या बिडाचा) लेडल, म्हणजे वितळलेल्या धातूचे भांडे, मॅग्नेशियम प्रक्रिया होऊन तयार असेल तर खरे नुकसान सुरू होते. प्रक्रिया केलेला धातू साधारणपणे १० ते १५ मिनिटांच्या आत ओतावा लागतो. त्यापुढे मॅग्नेशियमचा प्रभाव ओसरत जातो आणि ग्राफाइटचे गोळे नीट बनत नाहीत. साचे नसतील तर तो धातू पिगमध्ये (साध्या ठोकळ्यांत) ओतून पुन्हा वितळवावा लागतो, आणि टनामागे सुमारे ५५० ते ६५० युनिट वीज दुसऱ्यांदा जाते. आमच्या दृष्टीने नियंत्रणाचा भरवसा लेडलमध्ये मोजायचा असतो. कंत्राटदाराला हे पहिल्या बैठकीत समजले, आणि त्याची निवड होण्याचे ते एक कारण होते.

बाजारात या दुहेरी कामासाठी जे उपाय आहेत त्यांचे तत्त्व साधारण एकच आहे: प्रोसेसरच्या गाभ्यांची (कोअरची) वाटणी करायची आणि नियंत्रणाचा वाटा दुसऱ्या कोणाला शिवू द्यायचा नाही. इमर्सनचा सीपीएल४१० एकाच पेटीत हायपरवायझरच्या (एका यंत्रावर दोन प्रणाली वेगळ्या ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) साहाय्याने रिअल-टाइम, म्हणजे ठरल्या वेळेत हमखास होणारे, नियंत्रण आणि लिनक्स ही सर्वसाधारण संगणकप्रणाली शेजारी शेजारी चालवतो. सीमेन्सचा सॉफ्टवेअर कंट्रोलर औद्योगिक संगणकावर विंडोजपासून वेगळा राहतो आणि विंडोज पुन्हा सुरू होत असतानाही आपले काम सोडत नाही. बेकहॉफच्या ट्विनकॅटमध्ये काही गाभे विंडोजपासून तोडून फक्त नियंत्रणासाठी राखता येतात. लिनक्सलाच रिअल-टाइम बनवणारे प्रीएम्प्ट-आरटी हे काम सुमारे दोन दशके मुख्य कर्नलच्या (लिनक्सच्या मूळ सॉफ्टवेअरच्या) बाहेर वाढत राहिले आणि २०२४ मध्ये ६.१२ या आवृत्तीत ते मूळ प्रवाहात सामील झाले, त्यामुळे या वर्गातील पेट्या यापुढे स्वस्त होतील असे वाटते. आम्हाला मिळालेली पेटी हायपरवायझरच्या जातीची आहे. तिच्या एका बाजूला सँड प्लँटचा प्रोग्राम चालतो, दुसऱ्या बाजूला लिनक्सवर डेटाबेस, आलेख आणि कॉम्पॅक्टेबिलिटीचा (वाळू दाबल्यावर किती बसते त्या मापाचा) अंदाज बांधणारे एक छोटे मॉडेल आहे.

या सेवेतील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे पेटी ताब्यात देण्यापूर्वी झालेली चाचणी. तिचा आग्रह आमचा होता हे खरे, पण कंत्राटदाराने ती टाळली नाही, आणि टाळणारे आम्ही पाहिले आहेत. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी रिकामा मिक्सर आणि रिकामे कन्व्हेयर पूर्ण क्रमाने चालवत ठेवले गेले आणि त्याच वेळी लिनक्सच्या बाजूला जाणूनबुजून छळण्यात आले. सगळे गाभे पूर्ण भाराने राबवले, साठवणूक काठोकाठ भरली, मोठे अहवाल एकाच वेळी काढायला लावले, नेटवर्कची केबल उपटली, आणि शेवटी लिनक्स चालू स्थितीतच बंद करून पुन्हा सुरू केले. प्रत्येक वेळी पाहिला तो चक्राचा सर्वाधिक लागलेला वेळ. सरासरी वेळ दाखवून समाधान करणाऱ्या विक्रेत्यांबद्दल एवढेच म्हणता येईल की दिवसातून एकदा २०० मिलिसेकंद घेणाऱ्या पीएलसीची सरासरी ४ मिलिसेकंदच राहते, आणि तो थांबतो मात्र त्या एका वेळी. लिनक्स पुन्हा सुरू होत असताना व्हॉल्व्ह आणि गेट आपल्या क्रमाने उघडत-मिटत राहिले, कमाल वेळ अगदी किंचित वाढला आणि मर्यादेच्या आसपासही गेला नाही.

चाचणीत दोन उणिवाही उघड झाल्या. साठवणूक भरल्यावर विश्लेषण मुकाट्याने बंद पडले आणि ऑपरेटरच्या पडद्यावर जुनेच आकडे ताज्यासारखे दिसत राहिले. हे थांबणे नियंत्रणाला अपाय करणारे नसले तरी शिळा आकडा पाहून माणूस चुकीचा निर्णय घेऊ शकतो, म्हणून लिनक्सच्या बाजूने दर काही सेकंदांनी बदलणारी खूण पाठवावी आणि ती थांबताच पडद्यावरचे आकडे करडे व्हावेत, अशी दुरुस्ती करून घेतली. दुसरी उणीव नेटवर्कची होती. दूरचे इनपुट-आउटपुट आणि ऑफिसकडे जाणारी वाहतूक एकाच स्विचवरून नेली होती, आणि त्या स्विचवर मुद्दाम लूप घातल्याबरोबर (एका केबलची दोन्ही टोके त्यालाच जोडल्याबरोबर) मिक्सरच्या गेटचे सिग्नल डळमळले. गाभ्यांची वाटणी कितीही चोख असली तरी तारेची वाटणी झालेली नसेल तर ती व्यर्थ. आता दोन्हींसाठी स्वतंत्र पोर्ट आणि स्वतंत्र स्विच आहेत. हा खर्च मूळ दरपत्रकात नव्हता, तो असायला हवा होता.

उष्णतेचा मुद्दा मात्र चाचणीतही नजरेतून सुटला, कारण चाचणी थंड दिवसांत झाली. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडखाली, मिक्सरपासून काही फुटांवर असलेल्या बंद पॅनलमध्ये तापमान बाहेरच्या हवेपेक्षा पुष्कळ वर जाते. शिवाय वाळूची आणि कोळशाच्या भुकटीची धूळ इतकी बारीक असते की पंख्याच्या जाळ्या आठवडाभरात चोंदतात. नियंत्रण आणि विश्लेषण वेगवेगळ्या गाभ्यांवर असले तरी ते गाभे एकाच चिपवर असतात, आणि चिप तापली की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. हायपरवायझर स्मृती आणि वेळ यांची वाटणी करू शकतो, उष्णतेची करू शकत नाही. उन्हाळ्याच्या एका दुपारी मॉडेल नव्या माहितीवर शिकत असताना नियंत्रणाच्या चक्राचा वेळ वाढू लागल्याचे आलेखात दिसले. तो मर्यादेपासून दूरच होता, तरी वाढीचे कारण चिपचे तापमान होते यात शंका राहिली नाही. त्यानंतर मॉडेलचे शिकणे पहाटेच्या वेळेवर ढकलण्यात आले आणि पॅनलला बाहेरची हवा आत न घेणारा कूलर बसवण्यात आला. धूळ आणि उष्णता यांचा विचार दरपत्रकाच्या आधी व्हावा, ही अपेक्षा कोल्हापुरात फौंड्रीची कामे करणाऱ्या कंत्राटदाराकडून अवाजवी नाही.

विश्लेषणाने नियंत्रणाला काही सांगावे की नाही, हा यातला सर्वांत नाजूक भाग, आणि तेथे कंत्राटदाराची मांडणी खरोखर विचारपूर्वक झालेली आहे. प्रक्रिया उद्योगांतील वापरकर्त्यांच्या नामुर या जर्मन संघटनेने आपल्या मुक्त रचनेत देखरेख व सुधारणेचा मार्ग मुख्य नियंत्रणापासून वेगळा ठेवावा आणि माहिती सहज बाहेर यावी पण आत जाणाऱ्या प्रत्येक सूचनेची तपासणी व्हावी, अशी दिशा दाखवली आहे. आमच्या प्लँटमध्ये त्याचेच छोटे रूप दिसते. मॉडेल परत आलेल्या वाळूचे तापमान, मागील बॅचची कॉम्पॅक्टेबिलिटी आणि हवेतला दमटपणा पाहून पुढच्या बॅचसाठी पाण्याचा व बेंटोनाइटचा (वाळू बांधून ठेवणाऱ्या मातीचा) आकडा सुचवते. ही सूचना थेट व्हॉल्व्हपर्यंत पोहोचत नाही. पीएलसीतील एक ब्लॉक आधी पाहतो की आकडा ठरवून दिलेल्या किमान आणि कमाल मर्यादेत आहे का, मागील बॅचपेक्षा त्यात एकदम मोठी उडी नाही ना, आणि सूचना ताजी आहे का. यापैकी काहीही जुळले नाही तर ठरलेल्या रेसिपीचाच आकडा वापरला जातो आणि पडद्यावर मराठीत तसा संदेश येतो. सगळे जुळले तरी ऑपरेटरने मान्य करावे लागते. या शेवटच्या पायरीला सुरुवातीला वेळखाऊ म्हणून विरोध झाला, परंतु मिक्सरवरचा अनुभवी कामगार आजही वाळूची मूठ दाबून, ती मोडून पाहतो आणि मगच बटण दाबतो. गरम वाळूच्या दिवसांत त्याची मूठ आणि मॉडेल यांच्यात मतभेद झाला तर अजून तरी मुठीचे पारडे जड असते. ५० अंशांच्या वर गेलेली वाळू मिक्सरपासून साच्यापर्यंत जाताना ओलावा गमावते, आणि आमचा ओलावा मोजणारा प्रोब मिक्सरमध्येच आहे, त्यामुळे त्याचे हे वागणे समजण्यासारखे आहे.

विक्रीच्या वेळी दिलेल्या पत्रकात मोटार आणि बेअरिंग यांच्या बिघाडाचा आगाऊ अंदाज मिळेल असेही म्हटले होते. हे आश्वासन या व्यवस्थेकडून पुरे होणे शक्य नव्हते. पीएलसी १० मिलिसेकंदांनी एक वाचन घेत असेल तर सेकंदाला १०० वाचने होतात, आणि त्यांतून फार तर ५० हर्ट्‌झपर्यंतचे कंपन ओळखता येते, म्हणजे वीजपुरवठ्याच्याच वारंवारतेपर्यंत. बेअरिंगच्या सुरुवातीच्या दोषाच्या खुणा हजारो हर्ट्‌झच्या पट्ट्यात असतात. त्यासाठी वेगळा सेन्सर आणि वेगळी वाचनपेटी लागते, आणि तिने पीएलसीला मध्ये न घेता थेट विश्लेषणाकडे जावे हेच योग्य. हे दाखवून दिल्यावर कंत्राटदाराने तो भाग बिलातून वगळला. पत्रकातून मात्र वगळला नसावा.

माहितीच्या प्रमाणाबाबतही आधी अतिरेक झाला होता. २०० टॅग (नोंदवायची मापे), प्रत्येकाची सेकंदाला १० वाचने, प्रत्येक वाचनाला १६ बाइट, असे धरले तर दिवसाला सुमारे २.७६ गिगाबाइट साठतात, आणि अखंड लिहिण्याने फ्लॅश साठवणुकीचे आयुष्य कमी होते. त्यांतल्या बहुतेक टॅगची किंमत तासन्‌तास बदलत नाही. आता वाळूसाठी बॅचमागे एक ओळ, भट्टीच्या किलोवॉट आणि थंड पाण्याच्या तापमानासाठी सेकंदाला एक नोंद, आणि बाकीचे बदलले तरच लिहायचे, असे ठरले आहे. गुणवत्ता विभागाचे एकही काम त्यामुळे अडलेले नाही, आणि अहवाल उघडायला लागणारा वेळ कमी झाला हे वेगळेच.

सेवेच्या तत्परतेचा विचार शिरोलीत पंचगंगेला वगळून करता येत नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद झाला होता, आणि शहर नदीच्या त्या बाजूला, वसाहत या बाजूला. शहरातून येणाऱ्या इंजिनिअरवर आणि अखंड इंटरनेटवर अवलंबून असलेली कोणतीही व्यवस्था अशा दिवसांत निरुपयोगी ठरते. या कसोटीवर सेवा उत्तीर्ण आहे: सर्व नोंदी पेटीतच राहतात, बाहेरची जोडणी तुटली तर साठवून ठेवून नंतर पाठवल्या जातात, प्रोग्रामची प्रत प्लँटमध्ये आहे, आणि आमच्या इलेक्ट्रिशियनला सुट्या पेटीत तो प्रोग्राम कसा भरायचा हे हाताने करून दाखवले गेले. शिकवणी मराठीत झाली, चित्रे काढून झाली, आणि ती देणारा तरुण इंजिनिअर कंटाळा न करता तेच तेच पुन्हा सांगत असे; त्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे.

तक्रारी आहेत त्या मुख्यतः मालकीहक्काच्या. नियंत्रणाच्या प्रोग्रामचा पासवर्ड शेवटचा हप्ता दिल्यावर लगेच मिळाला. लिनक्सच्या बाजूचा मात्र अनेक स्मरणपत्रांनंतर मिळाला, तोही अपुऱ्या कागदपत्रांसह. दूरस्थ देखभालीसाठी पॅनलमध्ये सिमकार्डचा राउटर सतत चालू ठेवण्यात आला होता. नियंत्रण आणि बाहेरचे जग यांच्यात अखंड उघडे दार ठेवणे आम्हाला मान्य नसल्याने त्याच्या वीजपुरवठ्यावर चावीचा स्विच बसवून घेतला, आणि आता आमचा माणूस चावी फिरवील तेव्हाच बाहेरून कोणी आत येऊ शकतो. लिनक्सची सुरक्षा-अद्यतने कोणी आणि केव्हा करायची, हे करारात लिहिलेलेच नव्हते. आमच्या मते ते वर्षातून ठरलेल्या बंदच्या काळात, आधी सुट्या पेटीवर चाचणी करून व्हावे.

ही सेवा सर्वांसाठी आहे असे नाही. उद्यमनगरात एक मिक्सर आणि एक छोटी भट्टी चालवणाऱ्या कारखानदाराने एकत्रित पेटीच्या मागे लागू नये. त्याला साधा पीएलसी आणि शेजारी एक स्वस्त, पंखा नसलेला औद्योगिक संगणक पुरेसा आहे, संवादाचा वाटा कमी करून ठेवला आणि संगणकाने पीएलसीला मोजकेच प्रश्न विचारले की झाले. दोन स्वतंत्र पेट्या जागा घेतात, पण एक बिघडली तर दुसरी चालते, आणि उष्णतेचा वर सांगितलेला प्रश्न तेथे उद्भवतच नाही. गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित वसाहतीतील मोठ्या प्लँटला, जेथे सूचना पुढच्याच बॅचला लागू व्हावी अशी गरज असते आणि देखभालीला माणसे असतात, तेथे एकत्रित पेटीचा लाभ खरा आहे. आमचा प्लँट या दोहोंच्या मध्ये पडतो. पुन्हा निवड करायची झाली तर आम्ही कदाचित दोन पेट्या घेऊ, परंतु कंत्राटदार हाच ठेवू.

नियंत्रणाच्या वार्षिक देखभालीचा करार याच कंत्राटदाराशी पुढे चालू ठेवण्याचे ठरले आहे आणि त्यात छळाची चाचणी दरवर्षी, तीही उन्हाळ्यात, करण्याचे कलम घातले आहे. आलेखांच्या पडद्यासाठी तो दरवर्षी वेगळे परवानाशुल्क मागतो. ते मात्र या वेळी भरणार नाही, कारण गुणवत्ता विभागातील मुलांनी डेटाबेसमधून थेट साध्या तक्त्यांत अहवाल काढायला सुरुवात केली आहे आणि ग्राहकांच्या तपासनिसांना ते तेवढेच मान्य आहेत.